आधी सुतळी, मग वेल

नमस्कार काकू,

नाशिकला आमचं रो-हाऊस आहे. मागे २२ फूट रुंद आणि १२ फूट खोल एवढंच अंगण, त्याला पाच फुटी कंपाउंड. इतकी वर्षं पलीकडे मोकळा प्लॉट होता. आता तिथे भिंतीपासून वीसेक फुटांवर इमारत झालीय. खाली पार्किंग, वर तीन मजले, आणि सगळ्या बाल्कन्या आमच्या अंगणाकडे. आमचा ओटा घराला लागून, म्हणजे भिंतीपासून दहा फुटांवर. सासूबाई रोज सकाळी उन्हात तिथे बसून भाजी निवडायच्या, केस वाळवायच्या. आता आतच बसतात. नर्सरीत विचारलं तर म्हणाले, मधुमालतीची सहा रोपं लावा, तीन महिन्यांत भिंत झाकते. नणंद म्हणते बोगनवेल लाव, तिचं काही करावं लागत नाही. ह्यांचं म्हणणं, हिरवी नेट ठोकून मोकळं व्हावं. सासूबाईंना जाई हवीय, पण वेलीत साप येतात ही धास्तीही आहे. ऊन दहा ते तीन. माती काळी. निफाडला आमची घरची द्राक्षबाग आहे, पण तिथे कुणाला फुलझाडांत रस नाही. तर काय लावू?

– एक वाचक, नाशिक

नमस्कार.

पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, ते म्हणजे निफाडची द्राक्षबाग. फुलझाडांत रस नसेना का, वेल कशी वागते हे त्या लोकांना जेवढं कळतं तेवढं शहरातल्या कुठल्याही नर्सरीवाल्याला कळत नाही. त्यांच्याकडे आपण येऊच. पण 'काय लावू' हा प्रश्न जरा मागे ठेवू या, कारण त्याआधी एक अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याला खर्च शून्य.

रविवारी सकाळी सासूबाईंना ओट्यावर नेहमीच्या जागी बसवा. भिंतीला टेकवून एक उंच बांबू उभा धरा आणि त्याला एक लाल चिंधी सैल बांधा, वर-खाली सरकेल अशी. आता सासूबाईंनी पहिल्या मजल्याच्या बाल्कनीकडे बघायचं आणि तुम्ही चिंधी सरकवत न्यायची. तिथे उभ्या माणसाचं डोकं चिंधीआड गेलं, की बांबूवर खूण करा. मग दुसरा मजला, मग तिसरा. तुम्ही दिलेल्या मापांवरून मी कागदावर हिशोब करून पाहिला. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून चार फूट धरलं आणि बाल्कनीत उभ्या माणसाचे डोळे अनुक्रमे १५, २५ आणि ३५ फुटांवर धरले, तर भिंतीपाशी पडदा लागतो पहिल्या मजल्यासाठी पावणेआठ फूट, दुसऱ्यासाठी अकरा आणि तिसऱ्यासाठी सव्वाचौदा. सव्वाचौदा फूट! एवढा उंच सांगाडा अंगणात उभा केलात तर तुमच्या घरालाच ग्रहण लागेल.

आता सासूबाईंची खुर्ची उचला आणि भिंतीपासून चार फुटांवर आणा. पुन्हा तोच खेळ. पहिला मजला सहा फुटांतच झाकला जातो, दुसरा साडेसात फुटांत, तिसरा सव्वानऊत. माणूस भिंतीच्या जितका जवळ, तितका पडदा कमी पुरतो. ओट्यापासून सहा फूट पुढे सरकल्याने तुमचे पाच फूट लोखंड वाचलं. तिथे चार शहाबादी फरशा टाका आणि एक बाक किंवा बाज ठेवा. ओटा ही सवय आहे, तीही बदलेल. पुढे हिवाळ्यात वेलीच्या पायथ्याशी उन्हात बसायला मिळालं की सासूबाई आपण होऊन तिकडे जातील.

म्हणजे तुम्हाला हवा आठ फुटी पडदा. राहिला तिसरा मजला. त्याच्यासाठी उंची वाढवायची गरज नाही. सांगाड्याच्या माथ्यावर आतल्या बाजूला दोन फुटांचे हात काढायचे, छज्जासारखे, आणि वेल त्यावर वळवायची. वरून तिरकी येणारी नजर तिथे अडते. निफाडला बागेत 'वाय' आकाराचे अँगल पाहिलेच असतील. तसाच, फक्त एकाच बाजूला हात असलेला, अर्धा वाय म्हणा.

खुणा झाल्या की दोन टोकांना दोन बांबू रोवून आठ फुटांवर एक सुतळी ताणा आणि आठवडाभर तशीच राहू द्या. तिच्याकडे येता-जाता बघा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघा. उजेड किती जाईल, वारा किती अडेल याचा अंदाज येतो. माझ्या ओळखीत दोघांनी सुतळी बघून सांगाड्याची उंची कमी केली आणि एकीने बेतच रद्द केला. सुतळी सोडायला दोन मिनिटं लागतात. काँक्रीटमधला खांब काढायला गवंडी लागतो.

आता माझी फजिती ऐका, म्हणजे पुढचं का सांगतेय ते कळेल. पुण्याला आमच्या जुन्या घरी मी हौसेने मधुमालती लावली, फाटकाशेजारी, पावसाच्या पाण्याच्या पाइपाला धरून. कुणी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. वेल वाढतेय, आपण कौतुक करतोय. दोन पावसाळ्यांत ती सरळ गच्चीवर पोचली. खाली डोळ्यांच्या उंचीला काय उरलं, तर मनगटाएवढे चार उघडे दोर, एकही पान नाही. फुलांचा सगळा बहर वर, पाण्याच्या टाकीभोवती. त्याचा आनंद कावळे घेत आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. त्या घरातल्या आजी मला मनापासून 'तुमची वेल किती छान' म्हणायच्या, आणि मी मान वर करून ती बघायची. तिसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या वादळात भिजून जड झालेला तो सगळा भारा पाइपासकट खाली आला. ब्रॅकेटांबरोबर प्लॅस्टरही आलं. नशीब, फाटकात कुणी नव्हतं.

चूक मधुमालतीची नव्हती. कुठलीही वेल हेच करते. तिचा शेंडा उजेडाकडे धावतो आणि शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या गाठींना, फुटू देत नाही. शेंडा जोवर सरळ वर चाललाय तोवर खालचे डोळे झोपलेले राहतात. वेल उभी चढू दिली, की खाली काठ्या आणि वर छप्पर हे ठरलेलंच. पडद्यासाठी नेमकं उलटं हवं.

इथे निफाडची मंडळी. त्यांना विचारा, द्राक्षाचा ओलांडा, म्हणजे तारेवरची आडवी फांदी, कसा धरता? रोप तारेपर्यंत आलं की ते शेंडा मारतात. मग खालून बगलफुटी निघतात, त्यातली एक डावीकडे आणि एक उजवीकडे तारेवर आडवी झोपवून बांधतात. आडवी झाली की शेंड्याचा जोर मोडतो आणि त्या आडव्या काडीवरचे डोळे ओळीने जागे होतात. प्रत्येक डोळ्यातून एक उभी काडी. हेच तंत्र फुलांच्या वेलीला चालतं, फक्त द्राक्षाला एका उंचीवर ओलांडे असतात आणि तुम्हाला ते एकावर एक, जमिनीपासून माथ्यापर्यंत हवेत.

म्हणून सांगाडा जाळीचा करू नका, तारांचा करा. फॅब्रिकेटर वेल्डमेश सुचवेल, कारण त्याला ते सोपं. पण जाळीच्या प्रत्येक चौकोनातून वेल आत-बाहेर विणली जाते आणि पाच वर्षांनी रंग द्यायचा किंवा जुनं लाकूड काढायचं म्हटलं तर इंच इंच कापत बसावं लागतं. तारा मोकळ्या असतात, कधीही सोडता येतात. दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपाचे चार खांब, साधारण सात-सात फुटांवर, दोन फूट जमिनीत काँक्रीटमध्ये. टोकाच्या दोन खांबांना तिरके टेकू हवेतच, कारण तारांचा सगळा ताण त्यांच्यावर येतो. जमिनीपासून दीड फुटावर पहिली तार, मग दर फुटाला एक. १२ गेजची जीआय तार पुरते, आणि एका टोकाला टर्नबकल लावा म्हणजे ढिली पडली की पीळ देऊन ताणता येईल. बागेत उरलेली तार पडलेली असणार, नवी घेऊ नका.

सांगाडा कंपाउंडला बोल्ट मारून अडकवू नका. पानांनी भरलेली २२ बाय ८ फुटांची वेल म्हणजे जहाजाचं शीड. ती वाऱ्याला सगळ्या अंगाने सामोरी जाते. आपल्याकडची कंपाउंडं हा भार धरून बांधलेली नसतात. खांब भिंतीपासून सहा इंच आत, स्वतःच्या पायावर उभे. त्या सहा इंचांत भिंतीचा रंग टिकतो, ओल धरत नाही आणि तुमचा हात जातो. हद्दीलगत पाच फुटांपेक्षा उंच काही उभं करताना महापालिकेच्या नियमात बसतं का, हे एकदा विचारून ठेवलेलं बरं.

आता काय लावायचं. नर्सरीवाल्याने सहा मधुमालती सांगितल्या. सहा! एक मधुमालती एकटीच तुमची अख्खी भिंत खाऊन शेजारची मागेल. सहा लावल्यात तर दुसऱ्या वर्षी घर शोधावं लागेल. एकच लावा, दक्षिणेच्या टोकाला किंवा जिकडे ड्रेनेजचं चेंबर नसेल त्या टोकाला, आणि तिला बारा-तेरा फूट द्या. उरलेले नऊ-दहा फूट लसूण वेलीला. बस्स, पक्की झाडं दोनच.

मधुमालतीवर माझा राग नाही, उलट जीव आहे. तिचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं. दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल, म्हणून एकाच झुपक्यात तिन्ही रंग लोंबताना दिसतात. पाकळ्यांमागची नळी दोन-अडीच इंच लांब, तळाशी मध. मधमाशीची जीभ तिथवर पोचत नाही. अंधार पडल्यावर मोठे पतंग येतात, हवेतच थांबून सोंड आत घालतात. वासही तेव्हाच सुटतो. तुमच्या बाकावर रात्री जेवणानंतर बसून बघा.

तिच्या दोन खोड्या मात्र माहीत असू द्या. पहिली म्हणजे लहानपणी ती वेलीसारखी वागतच नाही. पहिले काही महिने झुडपासारखी फुगते आणि लोक नर्सरीवाल्याला शिव्या देतात की भलतंच रोप दिलं. थांबा. एके दिवशी मधूनच एक लांब, पातळ, सरसर जाणारी फूट निघते, तिथून तिची वेल होते. दुसरी खोडी जवळून बघण्यासारखी आहे. पान गळतं तेव्हा त्याचा देठ पूर्ण गळत नाही, बुडाचा तुकडा फांदीवरच राहतो, सुकतो, कडक होतो आणि खाली वळलेला आकडा बनतो. हे आकडे अडकवतच ती वर जाते. आधाराला ते तिच्या कामाचे, पण दाट वेलीत कोपरापर्यंत हात घालाल तेव्हा बाही अडकेल आणि कातडीही. छाटताना पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला. शिवाय तिच्या मुळांतून धुमारे येतात, दोन-तीन फुटांवर कुठेही. ते दिसले की कापू नका, माती ओली असताना मुळापासून उपटा. कापलेला धुमारा दुप्पट येतो.

लसूण वेल तिच्या मानाने शहाणी. पान चुरगळलं की हुबेहूब लसणाचा वास, बाकी त्रास नाही. बारा महिने हिरवी, पानं जाड आणि दाट, म्हणजे पडद्याला उत्तम. दिवाळीच्या आगेमागे अख्खी वेल जांभळी होते, मग ते जांभळं फिकट होत होत पांढुरकं पडतं. थंडीत मधुमालतीची पानं विरळ होतील तेव्हा तुमची अब्रू हीच राखेल. म्हणून बाक ठेवायचा तो लसूण वेलीसमोर. सुरुवातीला सावकाश वाढते, पहिलं वर्ष तर काही करतच नाहीये असं वाटेल.

बोगनवेलीबद्दल नणंदेचं अर्धं बरोबर आहे. पाणी कमी लागतं, आणि कमी पाण्यावरच ती जास्त रंगते. रंगीत दिसतात ती तिची पाकळ्यांसारखी पानंच, खरं फूल म्हणजे मधली ती इवलीशी पांढरी दांडी. पण 'काही करावं लागत नाही' हे खोटं. दोन फुटांच्या वाफ्यात बोगनवेल म्हणजे दर महिन्याला काट्यांशी कुस्ती, आणि बाकापासून हाताच्या अंतरावर काटे मला तरी नकोत. त्यातून तुमचं पाच तासांचं ऊन तिला जेमतेम. फाटकावर, रस्त्याच्या बाजूला, जिथे कुणी चढू नये असं वाटतं तिथे ती राणी आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. संक्रांत वेल जानेवारीत केशरी लोट सोडते, बघत राहावी अशी, पण तिला बंगल्याची गच्ची द्या, तुमचं अंगण नको. पडदा वेल नावाप्रमाणे खरोखर पडदा होते, पण ती वरून खाली लोंबणारी. उद्या गच्चीच्या कठड्यावरून सोडायची असेल तर तीच घ्या, फक्त फुलांची आशा ठेवू नका. कृष्णकमळ लावावंसं वाटेल. शंभर कौरव, पाच पांडव आणि वर ब्रह्मा-विष्णू-महेश मुलांना दाखवायला ते हवंच. पण त्याच्यावर काटेरी सुरवंट येतात आणि आठवड्यात पानांची चाळण करतात. पुढे त्यांचीच नारिंगी फुलपाखरं होतात, म्हणून मी त्यांना मारत नाही. ज्या दिवशी तुमचा पडदा सुरवंटांनी खाल्ला असेल त्या दिवशी तुम्हाला हे पटेलच असं नाही. ते कुंडीत लावा.

आता वेळेचं. तीन महिन्यांत भिंत झाकते, हे आश्वासन मधुमालतीच्या जिवावर देऊ नये. ते पुरं करू शकते ती गोकर्ण. बिया रात्रभर पाण्यात भिजवायच्या आणि पहिल्या पावसात तारेखाली दर फुटाला दोन टोचायच्या. गणपतीपर्यंत खालच्या चार-पाच तारा निळ्या होतात, पूजेलाही फुलं होतात. ती शेंगवर्गातली असल्याने तिच्या मुळांवर गाठी धरतात आणि मातीला नत्र मिळतो. पहिल्या वर्षी ती पुढे धावते आणि मागून पक्क्या वेली सावकाश येतात. दुसऱ्या पावसाळ्यात तिला पक्क्या वेलींजवळून उपटा, नाहीतर त्यांच्याच गळ्याला वेढे घालते. खरा, भरलेला पडदा दुसऱ्या पावसाळ्याअखेर. घाई असेल तर तुमच्या ह्यांची हिरवी नेट चालेल. होय, त्यांचंही बरोबर आहे, पण एका हंगामापुरतं. नेट तारांना चिकटवून न बांधता खांबांच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीकडून बांधा आणि पुढच्या संक्रांतीला उतरवा. वेल एकदा नेटमध्ये शिरली की नेट कायमची झाली, आणि चार उन्हाळ्यांनी तिच्या हिरव्या चिंध्या पानापानांत दिसत राहतात.

कामाला आत्ता मेमध्येच लागा. दोन खड्डे, दीड फूट लांब-रुंद-खोल, खांबांपासून फूटभर आत. भिंतीलगतच्या मातीत बांधकामाचा राडारोडा असतो, विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं निघतील ते सगळं बाहेर काढा. खड्डे पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिखल धरून बसते, म्हणून तीच परत भरताना निम्मी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा, तो बसतोच. मृगाचा चांगला पाऊस झाला की लावा. लावल्यावर रोपाशेजारी बांबूची काठी, पहिल्या तारेपर्यंत.

मग ओलांड्यांचं काम. रोप पहिल्या तारेच्या वर चार बोटं गेलं की शेंडा मारायचा. हात थरथरेल, 'आत्ताच तर वाढू लागलीय' वाटेल. मारा. दोन-तीन आठवड्यांत खालून फुटी येतील. त्यातल्या दोन पहिल्या तारेवर डावी-उजवीकडे झोपवा, सगळ्यात जोमदार एक दुसऱ्या तारेकडे जाऊ द्या, तिथे पुन्हा तेच. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी एक चक्कर हवी. वेल सुटली की दोन आठवड्यांत माथ्यावर असते आणि एकदा काडी जून झाली की वाकवताना मोडते. कोवळी असताना सगळं सोपं. बांधायला जुन्या सुती साडीच्या काठाच्या चिंध्या घ्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या, एक वेढा तारेला आणि एक सैल वेढा काडीला. बाइंडिंग वायरने बांधलेली काडी पुढच्या वर्षी गळफास लागल्यासारखी दिसते. लसूण वेलीला तणावे असतात, ती स्वतः तार पकडते, पण दिशा तुम्हीच द्यायची.

खालचे दोन ओलांडे भक्कम होईपर्यंत वर जाणाऱ्या फुटीला जास्त जोर धरू देऊ नका, हे एकच पथ्य पहिल्या वर्षी पाळा. बाकी खत-पाण्याचं फार मनावर घेऊ नका. पावसाळ्यात पाणी नाही, थंडीत चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात दोन दिवसांआड, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन. युरिया अजिबात नको, नुसती पानंच पानं येतात.

छाटणीचं वेळापत्रक द्राक्षाशी जुळत नाही. तिथे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. तुम्ही ऑक्टोबरात हात लावलात तर लसूण वेलीचा बहर जाईल. तिची छाटणी फुलं संपल्यावर, डिसेंबरात, हलकी. मधुमालतीची जानेवारी-फेब्रुवारीत, जरा निर्दयपणे. ओलांडे राखा आणि त्यावरच्या काड्या दोन-तीन डोळ्यांवर आणा. उन्हाळ्यात नव्या फुटींवरच फुलं येतात. कापण्यापूर्वी आत डोकावून घ्या. बुलबुल अशा दाट वेलीत घरटं करतो, शिंजीरही लोंबता पिशवीसारखा खोपा बांधतो. घरटं असेल तेवढा भाग सोडा, पिल्लं उडाली की बघू.

सासूबाईंच्या सापाबद्दल. फुलांच्या वासाने साप येत नाही. तो येतो उंदीर, बेडूक आणि पालींमागे, आणि राहतो जिथे अडगळ असते तिथे. वेलीच्या बुडाशी उरलेल्या विटा, फुटक्या कुंड्या, फरशांचे तुकडे रचून ठेवायची आपल्या सगळ्यांना सवय असते, तेच त्याचं घर. म्हणूनही पहिली तार दीड फुटावर सांगितली. तिच्याखालची पालवी काढत राहा, जमीन झाडलेली आणि नजरेत ठेवा. शेजारी पक्ष्यांसाठी धान्य टाकत असाल तर ते दुसरीकडे न्या, उंदरांची पंगत तिथेच बसते.

पलीकडच्यांनाही एकदा भेटून या, सांगाडा उभा राहण्याआधी. बाल्कनीत चहा घेताना कुणीतरी खालून बघतंय, असं त्यांनाही वाटत असणारच. त्यांना हिरवी भिंत मिळतेय म्हटल्यावर कुणी नाही म्हणणार नाही. मात्र मधुमालतीची गळलेली फुलं पावसात गाड्यांच्या काचांना चिकटून बसतात, आणि त्यांचं पार्किंग तिथेच आहे. म्हणून भिंतीपलीकडे झुकलेलं वर्षातून दोनदा तुम्हीच कापून आणायचं हे आधीच कबूल करून टाका.

राहिली जाई. ती पडद्यात नको. पानं विरळ, अंग नाजूक, आणि मधुमालतीशेजारी तर तिचा श्वासच कोंडेल. ओटा आता मोकळाच झालाय ना? त्याच्या कोपऱ्याला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक खड्डा घ्या आणि जाई खिडकीच्या ग्रिलवर जाऊ द्या. ग्रिलभर झाली की पुरे. कळ्या बाहेरून गुलाबी झाक असलेल्या असतात. तिन्हीसांजेला त्या टपोऱ्या होतात तेव्हा ओट्यावर उभं राहून सासूबाईंच्या हाताला येतील अशा उंचीवर ठेवा. त्यासाठी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री लागेल, ती निफाडहून आणा. बागेतून आणलेलं पातं आधी स्पिरिटने पुसून घ्या.